घरपट्टीतनं शाळेला नेमकं काय जातं? ग्रामसभेत उत्तर द्यायचंय

कृष्णाकाठ (वाळवा तालुका) यांचा प्रश्न

मंडळी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरपट्टीच्या थकबाकीचा विषय आहे. मिळकती साडेचारशेच्या आसपास, झेडपीची सातवीपर्यंतची शाळा, पट १०४. वसुली साठ टक्क्यांच्या पुढं सरकत नाही. न भरणाऱ्यांत गरीब थोडे आहेत. दारात चारचाकी असलेलेच जास्त.

कट्ट्यावर कानावर पडणारी कारणं अशी:

"शाळेला सरकार पैसे देतंय, मास्तरांचा पगार सरकारी. मग माझ्या घरपट्टीचा शाळेशी संबंध काय?"

"माझी पोरं इंग्लिश मीडियमला. पिवळी गाडी दारात येते. दुसऱ्यांच्या पोरांसाठी मी का भरू?"

"खताच्या पोत्यावर जीएसटी, पेट्रोलवर टॅक्स. सरकारला कमी देतो का आम्ही?"

आणि हीच माणसं यात्रेची पट्टी पाच हजार लावली तरी दुसऱ्या दिवशी आणून देतात.

तर विचारायचं हे, की घरपट्टीतनं शाळेला खरोखर किती आणि कसं जातं? घरपट्टीवर शाळा चालते असं छातीठोक सांगावं, आणि कुणीतरी उठून ते खोटं पाडावं, असं व्हायला नको. आणि थकबाकीदारांचे दाखले अडवतात, ते बरोबर आहे का?

नमुना_आठ यांचं उत्तर

पहिल्यांदा एक गोष्ट कबूल करून टाका, म्हणजे सभेत तोंडघशी पडणार नाही: मास्तरांच्या पगारात घरपट्टीचा एक पैसा नसतो. पगार राज्य शासनाचा, जिल्हा परिषदेमार्फत. पुस्तकं, गणवेश समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. खिचडीचा तांदूळ आणि शिजवणाऱ्या ताईंचं मानधनही वरूनच. कट्ट्यावरचा पहिला माणूस एवढ्यापुरता बरोबर बोलतोय.

पण पगार आणि पुस्तकं वगळली की शाळा म्हणजे काय उरतं? नळ, संडास, कंपाउंड, रस्त्यावरचा दिवा, गटार, कचरा. या गोष्टी ग्रामपंचायतीच्या अंगावर येतात आणि तिथं ग्रामनिधीला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या तिजोरीला, हात घालावा लागतो. त्या ग्रामनिधीत गावाची स्वतःची म्हणावी अशी मोठी जमा म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. ४५० मिळकती, आणि घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य मिळून सरासरी मागणी ११०० रुपये धरा (हा आकडा मी गृहीत धरलाय, तुमचा नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडून खरा टाका). पूर्ण मागणी ४ लाख ९५ हजार. साठ टक्के वसुली म्हणजे २ लाख ९७ हजार.

स्वउत्पन्नातून आधी तीन वाटे काढायचे असतात: मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याण १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के. एकूण ३० टक्के. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. पूर्ण वसुली झाली तर पगाराला १ लाख ७३ हजार २५०, राखीव वाट्यांना १ लाख ४८ हजार ५००, आणि इतर सगळ्या कामांना १ लाख ७३ हजार २५० उरतात.

वसुली साठ टक्के झाली तर? राखीव वाटे जमेच्या प्रमाणात घटतात, ८९ हजार १०० होतात. पण शिपाई आणि पाणी सोडणारा चाळीस टक्के कमी पगार घेऊन घरी जात नाहीत. त्यांचे १ लाख ७३ हजार २५० तसेच राहतात. वजा करून बघा: उरतात ३४ हजार ६५०.

वसुली घटली ४० टक्क्यांनी आणि हातात उरणारी रक्कम घटली ८० टक्क्यांनी. शाळेची फुटलेली पाइप, मोटारीचा जळालेला स्टार्टर, रस्त्यावरचे दिवे, सगळं त्या ३४ हजारांत. वर कर्मचारी खर्च प्रत्यक्ष जमेच्या ५८ टक्क्यांवर गेला म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप येणार तो वेगळाच. शिवाय कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासन जो वाटा देतं तो वसुलीशी जोडलेला आहे, म्हणजे वसुली पडली की तिकडूनही फटका.

सभेत फळ्यावर हीच वजाबाकी मांडा. भाषणापेक्षा हे लोकांना पटकन कळतं, ऊसबिलातली कपात वाचणारी माणसं आहेत आपली.

वित्त आयोगाचा पैसा येतो की, असं कुणी म्हणेल. येतो. पण पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता एवढ्यासाठीच. शाळेचं स्वच्छतागृह, हात धुवायचे नळ, पाण्याची टाकी त्यात बसवता येते. पण ती गावाच्या विकास आराखड्यात आधी नोंदलेली पाहिजे. आणि त्या पैशातून बांधलेला संडास रोज धुवायला माणूस मिळत नाही, तो ग्रामनिधीतूनच लागतो. पाच वर्षांपूर्वी बांधलेले नि आज कुलूप लावलेले शाळेचे संडास दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच कुलपांमागं हेच कारण असतं.

खडू_फळा

शाळेच्या बाजूचं मी सांगतो.

समग्र शिक्षातून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान येतं ते पटावर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यावर एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालवायचे.

आता तुमचा पट बघा, १०४. म्हणजे ५० हजार. चार पोरं पिवळ्या गाडीत बसली की पट १००, अनुदान २५ हजार. इमारत तेवढीच, छत तेवढंच, वीजबिल तेवढंच. पोरगं एकाचं जातं, पण चौथं गेलं की उरलेल्या १०० जणांचा निम्मा पैसा जातो. हे इंग्लिश मीडियमवाल्याला टोमणा म्हणून सांगू नका, आकडा म्हणून सांगा. त्याला त्याच्या पोराचं बघायचा हक्क आहेच.

त्या ५० हजारांत काय काय बसवायचं? खडू, हजेरी-रजिस्टर, प्रिंटरची शाई, वीजबिल, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, रंगरंगोटी, प्रथमोपचार पेटी. आणि पैसा जूनला शाळा उघडताना हातात नसतो. पूर्वीसारखा खात्यावर पडूनही राहत नाही, खात्याला खर्चाची मर्यादा येते. ती उशिरा आली आणि ३१ मार्चपर्यंत वापरली नाही की परत. त्यामुळं जून ते डिसेंबर शाळा उधारीवर. बोअरची मोटार मात्र मर्यादा यायची वाट बघून बिघडत नाही, ती सोयाबीन काढणीच्या तोंडावर नेमकी जळते.

वीजबिलाचं एक तपासा. सरकारी शाळेला महावितरणचा सार्वजनिक सेवेचा वेगळा दर आहे. काही शाळांचं मीटर जुन्या जोडणीमुळं व्यापारी दरात राहिलेलं असतं आणि कुणी बिलाचा वरचा कोपरा वाचत नाही. तिथं दरसंकेत छापलेला असतो. चुकीचा असेल तर मुख्याध्यापकांचा अर्ज, शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) आणि जिल्हा परिषदेची शाळा असल्याचं पत्र एवढ्यावर उपविभागात बदलून मिळतो. वीज तोडली की स्मार्ट टीव्ही, संगणक सगळी शोभेची वस्तू.

आणखी एक, जे गावाला बहुतेक माहीत नसतं: झेडपीच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. कुलूप काढायला, झाडायला, टाकी भरायला पगारी माणूस कुणीच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही हे बघणारा माणूस ग्रामपंचायतीनं आठवड्यातून तीन दिवस दिला तरी उपस्थितीवर फरक पडतो, विशेषतः सहावी-सातवीच्या मुलींच्या. आणि त्या माणसाची मजुरी घरपट्टीतून येते. तुम्हाला शाळेशी थेट जोडणारा धागा पाहिजे ना, तो हा घ्या.

खोल्यांबाबत मात्र गावाला चुकीची आशा दाखवू नका. नवीन वर्गखोली जिल्हा नियोजन समितीच्या किंवा समग्र शिक्षाच्या पैशातून होते, घरपट्टीतून नाही. पडकी खोलीसुद्धा निर्लेखनाच्या, म्हणजे सरकारी नोंदीतून ती काढून टाकण्याच्या, मंजुरीशिवाय पाडता येत नाही.

सरळसोट

तुम्ही दोघं हिशेब बरोबर मांडताय, पण लोक हिशेबावर अडलेले नाहीत. अडलेत ते शेजाऱ्यावर. गावात चार मोठी घरं दहा-दहा वर्षं भरत नाहीत, त्यांना कुणी विचारत नाही. म्हातारीच्या कौलारू घराला मात्र घरकुलाच्या वेळी आधी पट्टी भर म्हणतात. मग मधला माणूस म्हणतो, बघू, सगळे भरतील तेव्हा भरू.

वरनं थकबाकीवर सवलत जाहीर झाली की वेळेत भरणारा येडा ठरतो. पुढच्या वर्षी तोही थांबतो. थांबणारच की.

आणि यात्रेच्या पट्टीची तुलना करताय, तर तिचं वैशिष्ट्य काय ते बघा ना. पावती लगेच, कुणी किती दिले याची यादी देवळाच्या भिंतीवर, आणि पाचव्या दिवशी मंडप, तमाशा, महाप्रसाद डोळ्यासमोर. न देणाऱ्याचं नाव वेगळं वाचायची गरजच नाही, यादीत नसलं की कळतं. घरपट्टीची यादी कुठं लागलेली बघितलीय का कुणी?

लोकांना द्यायचं नसतं असं नाही. याच सातारा-सांगलीच्या मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात. बोर्डिंगच्या पोरांसाठी गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा व्हायचं. दळायला बसलेली बाई आधी एक मूठ बाजूला काढून ठेवायची. ती मूठ कुणाच्या ताटात जाणार ते तिला माहीत होतं. ग्रामपंचायतीच्या बिलावर "सामान्य आरोग्य कर" एवढंच लिहिलेलं असतं, त्यात कुणाचं ताट दिसणार?

पोवई_नाका

शहरातली एक गंमत इथं सांगण्यासारखी आहे. सातारा पालिका असो की सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, मालमत्ता कराच्या बिलात "शिक्षण कर" असा वेगळा रकाना असतो. लोक समजतात, हा आपल्या वॉर्डातल्या शाळेला जातो. तसं नाही. तो १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखालचा राज्य शासनाचा कर आहे. पालिका फक्त गोळा करते आणि शासनाच्या तिजोरीत भरते. शेजारचा "रोजगार हमी कर" तोही तसाच. त्यामुळं पालिकेच्या शाळेची कौलं गळतात म्हणून शिक्षण कर भरणार नाही असं म्हणणारा चुकीच्या दारात भांडतोय. कौलांसाठी अंदाजपत्रकातली शिक्षण विभागाची तरतूद बघावी लागते.

२०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग सातारा पालिकेत आला तेव्हा बिलाचे रकाने अचानक वाढले आणि पहिला प्रश्न हाच निघाला की हे सगळं कुणाचं? बिलावर "राज्य शासनास देय" एवढे तीन शब्द रकान्याखाली छापले तरी निम्मी भांडणं मिटतील.

प्राप्तिकर भरणाऱ्यांचंही तेच. २०१८-१९ पासून करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. तो केंद्राचा. नोकरदार म्हणतो, मी शिक्षणासाठी ४ टक्के देतो. देतो खरं, पण करपात्र पगाराचे ४ टक्के नव्हेत, कराच्या रकमेवर ४ टक्के. दहा हजार कर असेल तर चारशे रुपये. आणि त्यातून गावच्या नळाची तोटी बसत नाही.

कृष्णाकाठ

वजाबाकी वहीत उतरवून घेतली, धन्यवाद. दोन गोष्टी राहिल्या. दाखले अडवण्याचं कुणी बोललं नाही. आणि मळ्यातली घरं. गावठाणापासून दोन किलोमीटरवर वस्ती आहे, दिवा नाही, गटार नाही, घंटागाडी येत नाही. ते म्हणतात आम्ही कशाला भरायचं, आणि मला त्यांचं पटतं.

शिवाय "माझ्या घराची आकारणीच चुकीची आहे" म्हणणारे वीस-पंचवीस निघतील.

नमुना_आठ

शेवटापासून घेतो.

आकारणी. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे. जागेचं क्षेत्र गुणिले वार्षिक मूल्यदर तक्त्यातला (रेडी रेकनर) जमिनीचा दर, अधिक बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घराच्या वयाप्रमाणं किमतीतली घट). आलेल्या बेरजेला वापराचा भारांक लावायचा. राहण्याच्या घराला १, दुकानाला १.२५. आणि मग हजार रुपयांमागं ठरलेला दर, जो नियमातल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते.

उदाहरणाला ७५ चौरस मीटरचं स्लॅबचं घर घ्या. जमिनीचा दर ६००, बांधकामाचा १६ हजार, घसारा ०.८० धरा. जमीन ४५ हजार, बांधकाम ९ लाख ६० हजार, एकूण १० लाख ५ हजार. हजारी १ रुपया २० पैसे दर असेल तर घरपट्टी १२०६ रुपये. याच घरात दुकान असलं आणि सगळा वापर व्यापारी धरला तर १५०७ रुपये ५० पैसे.

आता चुका कुठं होतात ते बघा. एक, फुटांचं क्षेत्र मीटर म्हणून लिहिलं जातं. ८०० फुटांचं घर ८०० मीटर झालं की पट्टी जवळजवळ अकरापट. दोन, घराचं वय टाकलेलं नसतं, तीस वर्षांच्या घराला नव्याचा घसारा. तीन, पुढच्या एका खोलीत किराणा आणि भारांक सगळ्या घराला. चार, पडून गेलेलं पाठीमागचं छप्पर यादीत तसंच. या चार गोष्टी नमुना ८ च्या, म्हणजे घराच्या आकारणी नोंदीच्या, उताऱ्यावर टेप घेऊन दहा मिनिटांत तपासता येतात. चूक असेल तर आधी ग्रामपंचायतीकडं लेखी हरकत, तिथं नाही झालं तर पंचायत समितीकडं अपील. फेरआकारणी चार वर्षांनी होते, तेव्हा यादी सूचना फलकावर लागते. हरकतीची खरी वेळ ती. त्या वेळी कुणी फिरकत नाही आणि मग पुढची चार वर्षं कट्ट्यावर हरकत चालते.

(जाता जाता: तलाठ्याकडचा गाव नमुना आठ-अ वेगळा, तो जमिनीचा. त्यावर महसुलाबरोबर जि.प. आणि ग्रा.पं. उपकराचे रकाने असतात. आठ-अची पावती दाखवून "मी ग्रामपंचायतीचं भरलंय" म्हणणारे दरवर्षी दोन-तीन निघतात. खोटं बोलत नसतात बिचारे, रकान्याचं नावच तसं आहे.)

मळ्यातली घरं. घर गावठाणात नाही म्हणून घरपट्टी माफ होत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या इमारतीवर कर आहे. पण दिवाबत्ती आणि आरोग्य कर हे सेवेच्या नावानं घेतले जातात, आणि सेवा शून्य असेल तर त्या वस्तीचं म्हणणं रास्त आहे. सभेत त्यांना गप्प बसवू नका. दोन सौरदिवे आणि आठवड्यातून एक कचरा फेरी त्या वस्तीच्या नावानं आराखड्यात लिहा, ठराव क्रमांक सांगा, मग मागा. त्यांची पोरं पायी शाळेत येतात त्या पाणंद रस्त्यावर मुरूम टाकला तरी चालेल, दिव्यापेक्षा त्याचीच गरज जास्त असते.

दाखले. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंद, दारिद्र्यरेषेखालचा दाखला, निराधार दाखला, नमुना ८ चा उतारा, या लोकसेवा हक्क कायद्यातल्या अधिसूचित सेवा आहेत, २०१५ चा कायदा. थकबाकी आहे म्हणून जन्मदाखला अडवायला आधार नाही. मुदतीत दिला नाही तर पंचायत समितीत अपील होतं. अडवता येतो तो एकच, आणि तो नावानंच तसा आहे: येणे बाकी नसल्याचा दाखला. दाखला अडवून चार पावत्या फाडता येतात, पण शाळेत नाव घालायला आलेल्या बापाचा दाखला अडवला आणि तो थेट दुसऱ्या शाळेत गेला तर ५० हजारांचे २५ हजार कसे होतात ते वर लिहिलंच आहे.

कायदेशीर रस्ता ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ चा. मागणी बिल द्यायचं. पंधरा दिवसांत भरलं नाही तर मागणी लेख, म्हणजे वसुलीची रीतसर नोटीस. तोही बजावून तीस दिवस गेले तर जंगम मालमत्तेची जप्ती. जप्ती क्वचितच होते, तालुक्याच्या लोकअदालतीची नोटीस गेली की बरेच जण तडजोडीला येतात. पण हे सगळं उभं असतं एका चिठोऱ्यावर, बिल पोचल्याच्या सहीवर. शिपाई बिलं वाटतो आणि स्थळप्रतीवर (कार्यालयात राहणाऱ्या प्रतीवर) सही घेत नाही, तिथं पुढचं सगळं कोसळतं.

हीच सही सदस्यांच्याही मुळावर येते. कलम १४ प्रमाणं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. तक्रारी होतात, आणि बिल बजावल्याचा पुरावा नाही म्हणून अडकतात. सरळसोट म्हणतात त्या चार मोठ्या घरांना पहिलं बिल सहीसकट द्या.

माजी सैनिकांचं विसरू नका. २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत सूट आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या साताऱ्यात तर हा मोठा आकडा होतो. ती नावं थकबाकीच्या यादीत राहिली तर सभेत सगळ्यात आधी तेच उठतील, आणि त्यांचं खरं असेल. यादी लावण्याआधी ती नावं वेगळी काढा.

कोयनेकडचा

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं प्रश्न वेगळा आहे, सांगलीवाल्यांच्या लक्षात येणार नाही. निम्मी घरं बंद. माणसं मुंबईत, नवी मुंबईत, माथाडीत. शाळेचा पट बारा-पंधरा, म्हणजे अनुदान दहा हजार. पावसात पत्रे उडाले की सगळं वर्षाचं अनुदान पत्र्यातच.

चाकरमानी पैसे द्यायला नाही म्हणत नाही, त्याला बिलच मिळत नाही. यात्रा बहुतेक ठिकाणी चैत्र-वैशाखात, म्हणजे ३१ मार्च उलटून गेल्यावर. वसुली त्या वर्षात धरली जात नाही आणि वर ५ टक्के जादा लागतात. त्यापेक्षा गौरी-गणपती धरा. ३० सप्टेंबरच्या आत भरलं तर ५ टक्के सूट आहे आणि गणपती त्याच्या आतच येतात. गणपतीआधी पंधरा दिवस बिलाचा फोटो आणि क्यूआर कोड गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. सुटीच्या चार दिवसांत ग्रामपंचायत सकाळी दोन तास उघडी ठेवायची. पैसे क्यूआरनं आले तरी नमुना १० ची पावती फाडून तिचा फोटो त्याच ग्रुपवर. एकानं टाकली की बाकीच्यांना आठवतं.

खडू_फळा

कृष्णाकाठ, सभेसाठी फळ्यावर काय लिहायचं ते सुचवतो. दोनच रकाने. डावीकडं "वरून येतं": पगार, पुस्तकं, गणवेश, खिचडी, अनुदान ५० हजार. उजवीकडं "आपल्यातून जातं": संडास धुणाऱ्याची मजुरी, टाकी भरणं, मोटार दुरुस्ती, रस्त्यावरचा दिवा, कंपाउंड, आणि महिला-बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून मुलींसाठी जे घ्याल ते. नमुना_आठ यांच्या आकड्यांनी तो १० टक्के वाटा पूर्ण वसुलीला ४९ हजार ५०० होतो, आत्ता २९ हजार ७०० आहे. उजव्या रकान्यात प्रत्येकापुढं गेल्या वर्षाचा खरा रुपया लिहा. जिथं शून्य असेल तिथं शून्यच लिहा, लपवू नका.

वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या नावानं दिसतो, शाळेचं अनुदान आणि खर्च यू-डायसच्या अहवालात. सभेआधी दोन्हीची एकेक प्रत काढून ठेवा, कारण कुणीतरी मोबाइलवर उघडणारच आहे, आणि फळ्यावरचा आकडा नि मोबाइलवरचा आकडा वेगळा निघाला तर सगळं तिथंच संपलं.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक ७५ टक्के असतात. उजवा रकाना त्यांच्यापैकी एखाद्या आईला वाचायला द्या, सरपंच किंवा ग्रामसेवकांना नको (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणणार). संडासाला पाणी कुठल्या दिवशी नव्हतं हे तिला तोंडपाठ असतं.

पिवळ्या गाडीवाल्याला एकच विचारा: २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा नदीकाठची माणसं कुठं उतरली होती? बऱ्याच गावांत शाळेतच. मतदानाची खोली तीच, लसीकरणाची तीच.

सरळसोट

फळ्याशेजारी अजून एक कागद चिकटवा. सरपंच, उपसरपंच, सगळे सदस्य, सोसायटीचे संचालक, यात्रा कमिटीचे पंच. नावासमोर पावती क्रमांक आणि तारीख. ज्याची नाही त्याची जागा रिकामी. २६ तारखेच्या आठ दिवस आधी लावा, म्हणजे रिकाम्या जागा भरायला वेळ मिळेल त्यांना.

कृष्णाकाठ

लावतो. आज नमुना ९ बघितला, सरासरी मागणी ११०० नाही, ९४० आहे. वजाबाकी परत करायला घेतलीय. आणि शाळेच्या वीजबिलाच्या कोपऱ्यात व्यापारी दरसंकेत निघाला, मुख्याध्यापक मॅडम सोमवारी अर्ज देणार आहेत.